मुलाची लघवी लाल का होते?



सातपुड्यातील पाड्यांवर आरोग्य शिबिर असले की एखादी आई हळूच सांगते, “डॉक्टर, पोराच्या लघवीतून रक्त जातंय.” घरच्यांना वाटते उन्हाळी लागली, मग धण्याचे पाणी सुरू होते. पण लाल लघवी हे लक्षण आहे, रोग नव्हे. म्हणून मी कारण क्रमाने शोधतो.

प्रथम रंग विचारतो. लालभडक रक्त, आग किंवा कळ असेल, तर खडा, जंतुसंसर्ग किंवा मार लागल्याचा संशय येतो. लघवी कोऱ्या चहासारखी असेल आणि काहीच दुखत नसेल, तर मला मूत्रपिंडाची काळजी वाटते.

अशा वेळी मी मुलाची कातडी पाहतो. खरूज खाजवून पिकली की तिच्यात स्ट्रेप्टोकोकस नावाचे जंतू वाढू शकतात. त्यानंतर साधारण ३ ते ६ आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. तोवर फोड सुकलेले असतात, त्यामुळे आईला दोन्हींचा संबंध लागत नाही. घसा दुखल्यावरही १ ते ३ आठवड्यांनी असे होते.

एका सात वर्षांच्या मुलाच्या पायांवर असेच डाग होते, पापण्या सुजल्या होत्या, डोके दुखत होते. लहान मुलांच्या पट्ट्याने रक्तदाब मोजला, तर १५०/१००! घरी ठेवले असते तर झटके येण्याचा धोका होता. दवाखान्यात मीठ-पाणी मोजून दिले, औषधे दिली. तो बरा झाला. या आजारातून बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

लघवीत तपासणीची पट्टी बुडवली आणि रक्त दिसलेच नाही, तर रंग बीटाचा किंवा क्षयावरील रिफाम्पिसिनचा असू शकतो. पट्टीवर रक्त दिसले, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नसल्या, तर पेशी बहुधा शरीरातच फुटत आहेत. जी-६-पीडी कमी असलेल्या मुलांत हिवतापाच्या प्रायमाक्विनने असे घडू शकते. आदिवासी भागात सिकलसेलची तपासणीही मी करतोच. त्यातही लघवीतून रक्त जाते.

पाड्यावर गेलात की मुलांच्या हातापायांकडे पाहा. खरूज असेल तर घरातील सर्वांनी एकाच वेळी मलम लावावे. लघवी लाल आणि चेहरा सुजलेला दिसला, तर त्याच दिवशी मुलाला दवाखान्यात आणा.