तीन शास्त्रांची एक पदवी

बारावीची परीक्षा संपवून मुलाने किंवा मुलीने तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र ही तिन्ही शास्त्रे एकत्र शिकण्याचा मनोदय बोलून दाखवला की घरात पहिला प्रश्न उपस्थित होतो तो उदरनिर्वाहाचा. आणि ज्यांनी आयुष्यभराची पुंजी या शिक्षणासाठी राखून ठेवली आहे त्या आईवडिलांनी तो विचारू नये, असे कोण म्हणेल? मात्र त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही त्रयी मुळात एकत्र का आली, ते पाहणे अगत्याचे आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत असंतोष उसळला. अशा हुकुमाने भाव किती उतरेल, याचा अदमास अर्थशास्त्र देऊ शकते. शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्यापेक्षा शहरातील ग्राहकाची कुरकुर दिल्लीदरबारी आधी का पोचते, याचा उलगडा राज्यशास्त्र करू शकते. परंतु एकाचे ताट स्वस्त व्हावे म्हणून दुसऱ्याच्या घामाचे मोल उतरवण्याचा अधिकार सरकारला कोणत्या न्यायाने प्राप्त होतो, असे विचारताच पहिली दोन्ही शास्त्रे मूक होतात आणि तत्त्वज्ञानाची पायरी चढावी लागते. सार्वजनिक कारभारातला जवळजवळ प्रत्येक मामला असा तिपेडी असतो.

हे ओळखूनच ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९२० साली हा संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला. तेथील प्रतिष्ठेचे शिक्षण तोवर ग्रीक आणि लॅटिन ग्रंथांवर उभे होते. नव्या युगाच्या कारभाऱ्यांसाठी त्याच तोलाचे आधुनिक शिक्षण हवे, हा त्यामागील हेतू. पहिल्या वर्षी तिन्ही विषय सक्तीचे, पुढे वाटल्यास एकाला निरोप देता येतो. आणि नेमलेले ग्रंथ वाचून निबंध लिहायचा व अध्यापकासमोर बसून त्यातील प्रत्येक विधानाची झडती द्यायची, हा तेथील शिरस्ता. हॅरॉल्ड विल्सन, एडवर्ड हीथ, डेव्हिड कॅमेरॉन, ऋषी सुनक हे ब्रिटनचे पंतप्रधान याच शिक्षणातून गेले. या नामावळीवर पालकांनी भाळू नये, कारण चार ग्रंथ चाळून कोणत्याही विषयावर अस्खलित मत देण्याची खोडही याच पद्धतीत जडू शकते, आणि सर्वच देशांच्या राजकारणात तिची वाण कधी पडलेली नाही.

मला या संदर्भात अधिक बोलके वाटते ते गिरीश कार्नाडांचे उदाहरण. माथेरानला जन्मलेला, धारवाडात गणित आणि संख्याशास्त्र शिकलेला हा तरुण ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, ही तीन शास्त्रे शिकला, परतल्यावर मद्रासला प्रकाशनसंस्थेत नोकरीस राहिला, आणि १९६४ साली त्याचे ‘तुघलक’ प्रसिद्ध झाले. न्यायाचे स्वप्न, सत्तेचे डावपेच आणि तांब्याच्या नाण्यांनी उडवलेला आर्थिक हाहाकार एकाच सुलतानाच्या चरित्रात गुंफणारे हे नाटक, जे विजय तेंडुलकरांनी मराठीत आणले, त्या पदवीचेच फळ होते असा दावा मी करणार नाही; पण ती पदवी वाया गेली, असेही कोणाला म्हणता येणार नाही.

आता रोकडा व्यवहार. या पदवीने वकिलीसारखी सनद मिळत नाही. तिच्यावर पुढचे शिक्षण रचावे लागते. तीन वर्षांची कायद्याची पदवी, पत्रकारिता, धोरणसंशोधन या वाटा खुल्या राहतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत या तिन्हींपैकी कोणताही एक विषय वैकल्पिक म्हणून घेता येतो आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही असते. भारतीय आर्थिक सेवेसाठी मात्र अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते, आणि तो अभ्यास गणिताखेरीज पेलत नाही. सबब दहावीनंतर गणिताला घाईने रजा देणे, ही या मार्गावरील सर्वांत महागडी चूक ठरते.

सोनीपतच्या अशोका विद्यापीठात हा संयुक्त अभ्यासक्रम आहे. परंतु तेथील खर्च प्रत्येक घराला झेपेल असे नाही. ज्यांना तो झेपत नाही त्यांनी जवळच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून घ्यावे, गणित सोडू नये, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान जोडविषय म्हणून मिळतात का याची प्रवेशापूर्वीच चौकशी करावी, आणि पदवीनंतर पुण्याच्या गोखले संस्थेचा विचार करावा. १९३० साली स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शेजारी नांदत आहेत, तत्त्वज्ञान तेवढे ग्रंथालयातून आपले आपण मिळवावे लागेल.