स्वावलंबनाचा हिशेब

आर्थिक स्वावलंबन हा शब्द सभासमारंभांतून वारंवार कानी पडतो. त्याचा अर्थ मात्र साधा आहे. आजारपण, मुलांचे शिक्षण वा नापिकीचे वर्ष यांसाठी ज्या कुटुंबास दुसऱ्याच्या दारी हात पसरावा लागत नाही, ते कुटुंब स्वावलंबी होय. मग त्याचे उत्पन्न थोडे असो वा अधिक.

कर्जाचा हिशेब : एका शेतमजूर कुटुंबाने औषधोपचारासाठी सावकाराकडून दरमहा शेकडा 5 व्याजाने 10,000 रुपये घेतले, असे समजू. दरमहा 500 रुपये व्याज भरत गेल्यास दहा महिन्यांत 5,000 रुपये जातात आणि मुद्दल होते तेवढेच राहते. शेकडा 5 हा आकडा बोलावयास लहान. परंतु वर्षाचा दर शेकडा 60 होतो.

तीच रक्कम बचत गटाकडून दरमहा शेकडा 2 दराने घेतली आणि प्रतिमास 1,000 रुपये मुद्दल व शिल्लक रकमेवरील व्याज भरले, तर पहिल्या महिन्याचे व्याज 200, दुसऱ्याचे 180 असे उतरत जाऊन एकंदर व्याज 1,100 रुपये होते व दहा महिन्यांत कर्ज फिटते. पहिला हप्ता 1,200 रुपयांचा असल्याने जड वाटतो, हे खरे. पण सावकाराच्या 500 रुपयांस शेवट नाही. शिवाय गटाचे व्याज सभासदांच्याच निधीत जमा होते.

बचत गट : असा गट साधारणतः 10 ते 20 सभासदांचा असतो. बारा जणींनी दरमहा प्रत्येकी 100 रुपये ठेवले, तर वर्षाअखेर 14,400 रुपये जमतात. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही गटाची पंचसूत्री होय. नाबार्डने 1992 मध्ये असे गट बँकांशी जोडण्याचा उपक्रम आरंभिला. त्यामुळे चोख व्यवहार असणाऱ्या गटास बँकेचे कर्जही मिळू शकते.

संकटाची तरतूद : कमावता माणूस अपघातात गेला, तर वर्षांची बचत एका दिवसात संपते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वर्षे वयाच्या खातेदारास वर्षाला 20 रुपये हप्त्यात अपघाती मृत्यूबद्दल 2 लाख रुपयांचे संरक्षण मिळते. हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. म्हणून 1 जूनपूर्वी खात्यात शिल्लक आहे ना, हे पाहावे.

क्रम असा ठेवावा : प्रथम घरखर्चाची वही, मग महाग कर्जाची फेड, त्यानंतर अडीअडचणीसाठी शिल्लक व विमा, आणि शेवटी शेळी, शिलाई यंत्र यांसारखे उत्पन्नाचे साधन. कर्ज डोक्यावर ठेवून घेतलेल्या साधनाची कमाई व्याजातच जाते.

अभ्यास : शिक्षकांनी पुढील उदाहरण मुलांकडून घरी, वडीलधाऱ्यांसमक्ष सोडवून घ्यावे. 6,000 रुपये दरमहा शेकडा 3 दराने घेतले व दरमहा 1,000 रुपये मुद्दल फेडले, तर एकूण व्याज किती? उत्तर : 630 रुपये.