उतार आणि सोमवार

पीण्या सेकंड स्टेज, बेंगळुरू



काल तुझ्या आईचा बेळगावहून फोन आला. तुमच्या खोलीतल्या पाच जणांनी कुमार पर्वताचा बेत केलाय म्हणे. शनिवारी रात्री दहाला दुसरी पाळी सुटली की तशीच गाडी धरायची, रविवारी सोमवारपेठेच्या अंगाने बीदहळ्ळीहून चढायचं, शिखर ओलांडून पलीकडे कुक्के सुब्रह्मण्यला उतरायचं आणि रातोरात परत येऊन सोमवारी सहाला पाळीवर उभं राहायचं. "अण्णा, त्याला नको म्हणून सांग," म्हणाली. मी नको म्हणणार नाही. आठवडाभर पत्र्याच्या छपराखाली तेलाचा वास घेणाऱ्या पोराने डोंगरात जावंच. पण ज्याने हा बेत आखला त्याने चढ तेवढा मोजलाय. उतार मोजलेला नाही, आणि सोमवार तर हिशेबातच धरलेला नाही.

डोंगर 1712 मीटरचा. बीदहळ्ळी आधीच उंचावर असल्याने त्या बाजूची वाट कुक्केच्या वाटेच्या जवळपास निम्मी. दाट रान लागतं, शिखराच्या अलीकडे तिरके कातळ लागतात, ते ओले असले तर सांभाळायचं. तिथवर तुम्ही हसतखेळत जाल, फोटो काढाल आणि झालं म्हणाल. झालेलं काहीच नसतं. तिथून कुक्केपर्यंत साधारण 13 किलोमीटर उतरायचं असतं. आधी शेष पर्वत, मग उघडं गवताचं रान, जिथे दुपारी डोक्यावर सावलीचा तुकडा नाही, मग कल्लुमंटप म्हणजे दगडी मंडप, भट्टर मने म्हणजे भटांचं घर, आणि पुन्हा जंगलातून झाडांच्या मुळांवरून पार गावापर्यंत. कुक्के अगदी खालच्या पातळीवर आहे, त्यामुळे एकाच दिवसात दीड हजार मीटरच्या आसपास उतार पडतो. आपला कळसूबाई 1646 मीटरचा, म्हणजे उंचीत फार फरक नाही. पण त्याच्या पायथ्याचं बारी गावच उंचावर, म्हणून तिथला उतार याच्या निम्म्याच्या घरात. "मी कळसूबाई केलाय" असं तुझा मित्र सांगत असेल तर त्याला हे समजावून सांग.

उतारात दम लागत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. प्रत्येक पावलाला मांड्या अंगाचं वजन रोखून धरत असतात. त्याचं दुखणं त्या दिवशी फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर करतं. बुटाची नाडी उतारापूर्वी घट्ट बांध, नाहीतर अंगठ्याचं नख काळं पडेल. पाणी बीदहळ्ळीतूनच भरून घ्या. उन्हाळ्याच्या तोंडावर वरच्या ओहोळांच्या भरवशावर राहू नका. भट्टर मनेला भात-सांबार आणि ताक मिळतं, पण येणार असल्याचं आधी कळवून ठेवा.

परवाना वनखात्याचा, आणि तो आता ऑनलाईन. 2024 च्या जानेवारीत प्रजासत्ताकदिनाच्या सुट्टीत तिथे एवढी झुंबड उडाली की सरकारने वाटच काही काळ बंद केली होती. परवान्यावर कोणती तारीख आणि कोणती वाट लिहिली आहे ते स्वतः वाच. पाचजणांतल्या कुणीतरी काढला असेल, असं म्हणून सोडू नकोस.

आता चालण्याविषयी. तुमच्यातला एकजण दिवसभर स्टोअरमध्ये खुर्चीवर बसतो, तो सगळ्यांत मागे पडणार. त्याला पुढे घाला. लेथवर जॉब चाळीस सेकंदांत निघतो आणि ड्रिलिंगला सत्तर लागतात, तेव्हा लाईन सत्तरनेच चालते, हे तुला मी सांगायला नको. त्याला मागे ठेवलं की पुढचे चौघे थांबून विश्रांती घेतात, तो पोचला की उठून चालू लागतात. विश्रांतीची ज्याला गरज त्यालाच ती मिळत नाही. शिवाय शनिवारी रात्रीच एक वेळ ठरवून टाका. बारा वाजले आणि शिखर आलं नाही, तर आल्या वाटेने बीदहळ्ळीला परत. वर गेल्यावर असली चर्चा करायची नाही, तिथे प्रत्येकाला शिखर हातभर अंतरावरच दिसतं.

पन्हाळा ते विशाळगड शिवाजी महाराजांची माणसं रात्री निघून दुसऱ्या दिवशी पोचली, मग आपल्याला काय झालं, असं तुम्ही पोरं म्हणणार. अरे, 1660 च्या त्या जुलैत त्यांच्यामागे सिद्दी मसूद लागला होता. तुमच्यामागे कोण लागलंय? आज पावनखिंडीच्या मोहिमेला जाणारी माणसंसुद्धा वाटेत मुक्काम करून दोन दिवसांत जातात.

माझी खरी काळजी डोंगराची नाहीच. कुक्केची गाडी हासन, नेलमंगल करत आपल्या तुमकूर रस्त्यावरूनच शहरात शिरते, त्यामुळे पहाटे गोरगुंटेपाळ्याला उतरून थेट कारखान्यात जाता येईल, हे गणित तुम्हाला फार आवडलेलं दिसतंय. पण तू पॉवर प्रेसवर आहेस. दोन रात्री बसच्या सीटवर काढलेला माणूस प्रेससमोर उभा राहिला की हात आणि पेडल यांचा मेळ चुकायला एक डुलकी पुरते. सेन्सर असतो म्हणशील. उत्पादन अडतं म्हणून सेन्सर बंद ठेवलेले प्रेस या पीण्यात मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्यांवर काम करून बोटं गमावलेली माणसंही. तुझ्या प्रेसचा चालू आहे का, ते या निमित्ताने बघून घे.

तेव्हा जायचं असेल तर शनिवारची दुसरी पाळी बदलून पहिली घ्या, संध्याकाळी निघा, आणि सोमवारची रजा आजच लिहून द्या, पाचहीजणांनी. एकाला जरी रजा मिळाली नाही तरी तारीख पुढे ढकला. त्या एकट्याला रात्रीच्या गाडीत बसवून बाकीच्यांनी कुक्केत झोपायचं, असं करू नका. सुपरवायझरशी मी बोलणार नाही, तूच बोल. आणि कुक्केला पोचल्यावर आधी आईला फोन कर, मग मला.

तुझा,
मामा