न खरवडता नाण्याची पारख

लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल भडोचच्या बंदराकडे जाई आणि तेथून जहाजाने पश्चिमेकडे. तेरला रोमन नाण्यांच्या भाजक्या मातीच्या प्रतिकृतीही सापडल्या आहेत.

सातवाहनांच्या नाण्यांवर सोंड उंचावलेला हत्ती किंवा सिंह दिसतो. रोमन नाण्यांवर जुळ्या बाळांना दूध पाजणारी लांडगी, पंख असलेला घोडा, आणि सम्राट ऑगस्टसचा मकर, म्हणजे अर्धा बोकड व अर्धा मासा! चित्रावरून नाणे कोणाचे ते कळते. पण ते कशाचे आहे?

इ. स. ६४ च्या सुमारास सम्राट नीरोने चांदीच्या नाण्याचे वजन घटवले आणि त्यात तांबे मिसळले. भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत नीरोपूर्वीचीच फार जास्त आहेत. आपले व्यापारी फसले नसावेत!

तुम्हीही अशी पारख करू शकता. चांदीची घनता १०.५, तांब्याची ९.० आणि शिशाची ११.३ ग्रॅम प्रतिघनसेंटिमीटर असते. घरी राणी व्हिक्टोरियाचा रुपया असेल तर तो शाळेच्या प्रयोगशाळेतील संवेदनशील तराजूवर तोला. तो ११.६६ ग्रॅम भरेल. मग बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. वजन सुमारे १.१३ ग्रॅमने घटेल. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ११.६६ ला १.१३ ने भागा. घनता १०.३ येईल. १९४० नंतरच्या निम्म्या चांदीच्या रुपयाची घट सुमारे १.२२ ग्रॅम, म्हणून घनता ९.६! झिजलेल्या रुपयाचे वजन कमी भरेल, पण घनता तीच राहील.

मात्र शिसे व तांबे बेताने मिसळले, तर घनता चांदीइतकी येऊ शकते. म्हणून एकट्या घनतेवर निकाल देऊ नये.

शेतात जुने नाणे सापडले, तर ते चिंचेने किंवा राखेने घासू नका, पाण्यातही बुडवू नका. घासल्याने चित्र झिजते व पुरावा नष्ट होतो. जागा लक्षात ठेवा आणि वडीलधाऱ्यांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी कळवणे बंधनकारक आहे.

आता हे सोडवा : एक नाणे हवेत ६.८ ग्रॅम व पाण्यात ६.२ ग्रॅम भरते. ते शिशाचे की तांब्याचे?