एका संगणकात दोन विंडोज

मराठवाड्यातील जुन्या पिढीला दोन चलनांचा हिशेब तोंडपाठ असे. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले. हद्द ओलांडून सोलापूरकडे गेले की कलदार लागे. सात हाली रुपयांचे साधारणतः सहा कलदार होत. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतरही हाली रुपया एका रात्रीत नाहीसा झाला नाही. काही वर्षे दोन्ही चलने सोबत चालली. लोकांचे देणेघेणे जुन्या नाण्यात अडकलेले असताना ते एकाएकी बंद करता येत नव्हते. आपल्या शाळेतील एका जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी आणि विंडोज १० या दोन्ही आवृत्त्या का ठेवल्या आहेत, असे पालक विचारतात तेव्हा मला हाच दाखला आठवतो.

आपले येणे अडकले आहे ते मजकुरात. काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील मुलांनी सुट्टीत गावी जाऊन वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून आणल्या होत्या. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि पाठोपाठ आपल्या वस्त्या जळाल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्या दिवसांत लेकरे काखोटीला मारून रानात रात्री काढलेल्या माणसांचे बोल त्या फाइलींत आहेत. सांगणाऱ्यांपैकी कित्येक जण आज हयात नाहीत. मुलांच्या वह्या गळक्या खोलीत भिजून गेल्या. उरला तो टंकलिखित मजकूर, आणि तो पेजमेकरमध्ये, जुन्या मराठी फाँटात.

जुन्या फाँटात 'क' हे अक्षर संगणकाच्या लेखी 'क' नसतेच. कृतिदेवमध्ये इंग्रजी 'डी'च्या जागेवर 'क'चे चित्र बसविलेले असते. संगणक 'डी'च साठवितो, फाँट त्याला मराठी वेश चढवितो. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या मांडण्या आणखी वेगळ्या. फाँट नसेल तर आजीच्या आठवणीऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडने 'क'ला ०९१५ हा स्वतःचा क्रमांक दिला आणि हा घोळ मिटविला. पण आधीचे सारे मागे राहिले. त्यातच आपल्या लिपी-प्रणालीला डोंगल, म्हणजे यंत्राला खोचायची किल्ली लागते, आणि त्या किल्लीचा ३२ बिटचा ड्रायव्हर नव्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही. म्हणून एक्सपी जिवंत ठेवणे भाग पडले.

दोन आवृत्त्या एका वेळी चालत नाहीत, हे प्रथम ध्यानात घ्यावे. वाटणी होते ती हार्ड डिस्कची. मेमरी मात्र, जी आवृत्ती सुरू असेल तिचीच. बटन दाबल्यावर जुन्या संगणकातील बायोस यंत्राची तपासणी करते आणि डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा तुकडा वाचते. त्यात कोणते पार्टिशन कोठे आहे याचा तक्ता आणि पुढचे पाऊल सांगणारी छोटी आज्ञावली असते. एक्सपीला सुरू करणारी आज्ञावली एनटीएलडीआर. व्हिस्टापासून पुढे तिची जागा बूटएमजीआरने घेतली. नवी आज्ञावली जुनीला ओळखते, जुनी नवीला ओळखत नाही. त्यामुळे आधी एक्सपी, मग दुसऱ्या पार्टिशनमध्ये विंडोज १०, हा क्रम पाळावा. उलट केल्यास एक्सपी आपलीच आज्ञावली पुढे करते आणि नवी आवृत्ती डिस्कवर असूनही उघडत नाही. (आमच्या हातून पहिल्या खेपेस हेच झाले, एक रविवार त्यात गेला.) क्रम योग्य असला तर सुरुवातीस निवडीचा पडदा येतो आणि साधारण तीस सेकंद वाट पाहतो.

काही गोष्टी अनुभवाने कळल्या. विंडोज १० मधील फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावे. ते चालू असले तर संगणक पुरता बंद होत नाही, आणि त्या अर्धवट स्थितीत एक्सपीने त्याच डिस्कवर काही लिहिले तर फाइली बिघडू शकतात. एक्सपी सुरू केली की विंडोज १० चे रिस्टोअर पॉइंट पुसले जातात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. दोन्ही आवृत्त्यांचे परवाने स्वतंत्र लागतात. आणि एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने तिच्यातील नेटवर्क आम्ही डिव्हाइस मॅनेजरमधूनच बंद केले आहे. विंडोज १० चीही नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. १९५६ चा तो दिवस ज्यांना पाठ आहे, त्यांना ही तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही! नव्या संगणकांवर, जेथे बायोसची जागा यूईएफआयने घेतली आहे, तेथे हा मार्ग सहसा चालत नाही. तेथे विंडोजच्या आत आभासी संगणक उभारून एक्सपी चालवावी लागते.

अर्थात एक्सपी कायम ठेवणे हा आपला हेतू नाही. मजकूर तेथे उघडायचा, सामायिक पार्टिशनमध्ये ठेवायचा, विंडोज १० मध्ये जाऊन युनिकोडमध्ये बदलायचा, असे काम चालू आहे. रूपांतर करणारी साधने रफार आणि पहिली वेलांटी हमखास चुकीच्या जागी टाकतात. 'धर्म'चा 'धमर्' होतो. म्हणून नववीची मुले प्रत्येक पान जुन्या छापील प्रतीशी ताडून वाचतात. ज्या फाइलींच्या छापील प्रती नाहीत, त्या प्रथम एक्सपीतूनच कागदावर काढून घेतल्या आहेत.

माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी त्या काळातील सीडी, पेन ड्राइव्ह किंवा हस्तलिखित वही असेल तर ती शाळेत आणून द्यावी. फाँटचे नाव आठवत असल्यास चिठ्ठीवर अवश्य लिहावे. मूळ वस्तू नक्कल करून त्याच दिवशी परत दिली जाईल.