शेवटचं बटण तिला स्वतःला दाबता यावं

छोटे, काल फोनवर तू पटकन बोलून गेलीस, "ताई, नागरी सेवांच्या वेबसाइटचं काम मिळालंय. दिव्यांगांबद्दल टेंडरात एकच ओळ आहे, एक विजेट टाकलं की भागतं." चाकणहून दमून आली होतीस, म्हणून मी तेव्हा विषय वाढवला नाही. आज जरा निवांत ऐक. तुझ्या नोकरीतलं हे कदाचित सगळ्यात मोलाचं काम ठरेल.

ते विजेट म्हणजे पानाच्या कोपऱ्यातलं व्हीलचेअरचं चिन्ह. दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात. पण ज्याला मोठं अक्षर लागतं त्यानं ते आपल्या मोबाइलमध्ये कधीच करून घेतलेलं असतं. आणि जिला दिसत नाही ती स्वतःचा, मजकूर वाचून ऐकवणारा स्क्रीन रीडर घेऊनच तुझ्या पानावर येते. मोबाइलवर टॉकबॅक असतो, कॉम्प्युटरवर बहुधा एनव्हीडीए. हा एनव्हीडीए मोफत आहे, मराठीही वाचतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणानं तो 2006 मध्ये लिहायला घेतला, पुढे जेम्स टे त्याला येऊन मिळाला. दोघंही अंध. तिचं साधन तिच्यापाशी आहे गं. तुझं पान त्या साधनाला वाचता यावं, एवढंच ती मागते.

आता डोळे मिटून तिच्या जागी बस. जन्माचा दाखला हवाय किंवा मिळकत कर भरायचाय. रकान्यांना कोडमध्ये नावं दिलेली नसली की तिला नुसतं ऐकू येतं, "एडिट, रिकामं. एडिट, रिकामं." कुठे नाव लिहायचं आणि कुठे मिळकत क्रमांक, कळायला मार्ग नाही. तरी ती चिकाटीनं अंदाज बांधत खालपर्यंत येते, आणि तिथे कॅप्चा. वेड्यावाकड्या अक्षरांचं चित्र, ऐकण्याची सोय नाही. मग शेजारच्या मुलाला हाक मारायची, आधार क्रमांक त्याला सांगायचा, ओटीपी त्याला वाचू द्यायचा, कधी बँकेचे तपशीलसुद्धा. कमावती, शिकलेली बाई, आणि स्वतःचा कर भरायला सगळी माहिती दुसऱ्याच्या हाती द्यायची. मला यात सगळ्यात जास्त हेच टोचतं. काम झालं का, हा प्रश्न पुरेसा नाही. तिचं तिला, कुणाला न विचारता करता आलं का, हे बघ.

मराठी पानांचं एक दुखणं तुला इंग्रजी लेखांत सापडणार नाही. आपल्या कार्यालयांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेखन झालं. डोळ्यांना ते स्वच्छ मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर आतलं वाचतो, त्यामुळे शासन निर्णयाच्या जागी निरर्थक अक्षरांचा पाऊस पडतो. त्याहून वाईट म्हणजे सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ. त्यात मजकूरच नसतो, नुसतं चित्र. म्हणून प्रत्येक सूचना युनिकोडमध्ये, साध्या मजकुराच्या पानावर घे. पीडीएफ हवीच असेल तर सोबत ठेव. पाण्याचं वेळापत्रकही तसंच. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर 2019 पासून पाणी दिवसाआड आहे. अशा शहरात "उद्या पाणी नाही" ही सूचना रंगीत चित्रात अडकली, तर एका घरात दुसऱ्या दिवशी भांडी कोरडी राहतात.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे, हे नोंदवायला विसरू नकोस. साचा इंग्रजी पानावरून उचललेला असतो आणि ती नोंद तशीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज मराठी वाचायला बसतो. एका शब्दाची दुरुस्ती आहे ही.

आता तुझ्या रोजच्या वाटेवरची माणसं आठव. भोसरी, तळवडे, चाकण, सगळीकडे प्रेस शॉप. पॉवर प्रेसखाली बोटं गेलेले कामगार या पट्ट्यात किती आहेत, ते तू कंपनीच्या बसमध्येही पाहिलं असशील. दिव्यांग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी काठी नाहीतर व्हीलचेअर येते, हा माणूस येतच नाही. ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कायम अपंगत्वाच्या लाभासाठी, प्रमाणपत्रासाठी, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्रासाठी त्यालाही कितीतरी फॉर्म भरावे लागतात. त्याला माउस नीट धरता येत नाही, मोबाइलवर बारीक बटण दाबायला जावं तर शेजारचं दाबलं जातं. त्याच्यासाठी सगळं पान नुसत्या कीबोर्डवर चालू दे. टॅब दाबल्यावर आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट डिझायनरला आवडत नाही म्हणून काढून टाकतात, ती काढू देऊ नकोस. बटणं मोठी ठेव. आणि पाच मिनिटांत सेशन संपवून भरलेलं सगळं पुसू नकोस. वेळ संपण्याआधी विचार, वाढवून दे. उजव्या हाताला दोनच बोटं उरलेला माणूस तेवढ्या वेळात निम्माच फॉर्म भरतो.

ऐकू न येणाऱ्यांचं थोडक्यात सांगते. तक्रारीसाठी फक्त फोन नंबर देऊ नकोस, लिहून पाठवायची सोय ठेव. व्हिडिओखाली मराठी सबटायटल दे. वाक्यं लहान आणि सोपी लिही, त्याचा फायदा तर आपल्या आईलाही होईल.

साहेब म्हणतील, "एवढं कोण बघतंय?" तेव्हा भांडू नकोस, शांतपणे कायदा समोर ठेव. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. सरकारी वेबसाइटची मार्गदर्शक तत्त्वं 2009 पासून आहेत, तिसरी आवृत्ती 2023 ची. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक किमान 4.5 ला 1 हवा, हेसुद्धा मानकांत ठरलेलं आहे. राजीव रातुरी या दृष्टिहीन याचिकाकर्त्याच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीची हवीत. तो निकाल लिहिणारे धनंजय चंद्रचूड मूळचे आपल्याच खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, चाकणपासून फार लांब नाही. त्यानंतर 30 एप्रिल 2025 ला प्रज्ञा प्रसून आणि अमर जैन यांच्या याचिकांवर निकाल आला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञाला बँकेच्या केवायसीत, म्हणजे ओळख पडताळणीत, पापणी मिटून दाखवायला सांगितलं होतं, तिला ते शक्यच नव्हतं. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं. ही तारीख तुझ्या वहीत लिहून ठेव.

कायदा माहीत असला तरी मुहूर्त चुकतो तो तपासणीचा. साइट पूर्ण झाल्यावर शेवटच्या आठवड्यात एक सॉफ्टवेअर चालवतात, हिरवी खूण येते, बिल निघतं. ते सॉफ्टवेअर चित्राला वर्णन आहे की नाही एवढं सांगेल. वर्णनात "इमेज 4" लिहिलंय, हे त्याला बहुधा खटकणार नाही. तू मात्र सुरुवात मुखपृष्ठापासून करू नकोस. तिथे सगळेच मेहनत घेतात. फॉर्म, कॅप्चा, पैसे भरण्याचं पान आणि पावती, ही चार ठिकाणं आधी धर, कारण माणूस परत फिरतो तो तिथूनच. स्वतः माउस काढून ठेव, स्क्रीन बंद कर आणि टॉकबॅकवर एक दाखला मागून बघ.

आणि तेवढ्यावर थांबू नकोस. तुझं-माझं डोळे मिटणं वेगळं, रोज स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्याचा कान वेगळा. पिंपरी-चिंचवड महापालिकेनं मोरवाडीत दिव्यांग भवन उभारलंय, तिथे जा. पहिला कच्चा फॉर्म तयार झाला की लगेच अंध, कर्णबधिर आणि हाताला इजा झालेल्या माणसांसमोर ठेव आणि गप्प बसून बघ. त्यांचं हे काम म्हणजे कौशल्याची तपासणी आहे, उपकार नाहीत. म्हणून त्यांच्या वेळेचं मानधन अंदाजपत्रकात आत्ताच धर, कोटेशन जाण्याआधी.