शहरातील मगर : भय, कायदा आणि कर्तव्य

३ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे मुंबईत दादर येथील महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावाची नेहमीची पाहणी चालू होती. सभासदांना प्रवेश देण्यापूर्वीच्या या पाहणीत सुमारे दोन फूट लांबीचे मगरीचे पिल्लू पाण्यात आढळले. ते सुखरूप पकडून वनविभागाच्या स्वाधीन करण्यात आले. याचे श्रेय दररोजच्या पाहणीच्या शिस्तीला द्यावे लागेल. परंतु भर वस्तीत मगर आढळते, तेव्हा नागरिकांनी व स्थानिक संस्थांनी काय करावे, हा प्रश्न या घटनेने सर्वांपुढे ठेवला आहे.

दादर, परळ, लालबाग, गिरगाव हा भाग आज मगरीचा नैसर्गिक अधिवास नाही. धोबी तलाव, गोवालिया तलाव ही नावे उरली असली, तरी ते तलाव केव्हाच बुजले. मुंबईत मगरींची वस्ती आहे ती उत्तरेकडे, विहार (१८६०), तुळशी (१८७९) व पवई (१८९१) या मानवनिर्मित जलाशयांत. मार्च २०२५ मध्ये पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या परिसरात रस्त्यावर मगर दिसली, ती तलाव जवळ असल्यामुळे. दक्षिण व मध्य मुंबईत मात्र मगर सापडल्यास ती तेथे कशी पोहोचली, याची चौकशी होणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रात आढळणारी मगर प्रामुख्याने गोड्या पाण्यात राहते. नद्या, तलाव, कालवे ही तिची ठिकाणे होत. ती शीतरक्ताची असल्यामुळे ऊब मिळविण्यासाठी काठावर ऊन खात पडते. उन्हाळ्याच्या सुमारास मादी काठावरील मातीत खड्डा करून अंडी घालते. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्ले बाहेर येतात व मादी त्यांचे रक्षण करते. या काळात काठाजवळ जाणारा माणूस तिला शत्रू वाटतो. पुढे पुराचे पाणी पसरले, की मगरी नाले, शेते व रस्ते यांवर येतात. जून २०२४ च्या अखेरीस चिपळूण शहरात भर पावसात मगर रस्त्यावरून चालताना दिसली, तर त्याच वर्षी ऑगस्टमधील महापुरात बडोद्याच्या वस्त्यांत विश्वामित्री नदीतील मगरी शिरल्या.

मुंबईतील प्रसंग निभावला. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठी मात्र हा प्रश्न जीवनमरणाचा आहे. तेथे मगरींच्या हल्ल्यांत माणसे दगावली असून त्यांत मुलेही होती. धुणे, पोहणे, जनावरे पाण्यावर नेणे, विद्युत पंप पाहणे ही नदीकाठची नित्याची कामे. ज्याला ती टाळता येत नाहीत, त्याला ‘नदीवर जाऊ नका’ हा उपदेश पुरेसा नाही. मगर पाण्याखाली निश्चल राहून काठावरील भक्ष्यावर अकस्मात झेप घेते. म्हणून पाणी शांत दिसते, एवढ्यावरून ते निर्धोक मानता येत नाही.

मग मगरी मारून टाकाव्यात काय? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मगरीला अनुसूची १ चे संरक्षण आहे. तिला मारणे, पकडणे वा घरी पाळणे हा गुन्हा आहे. एके काळी कातड्यासाठी झालेल्या शिकारीने मगरी इतक्या घटल्या, की १९७५ मध्ये केंद्र शासनाला मगर संवर्धन प्रकल्प हाती घ्यावा लागला. मेलेली जनावरे व दुबळे मासे खाऊन मगर पाणी स्वच्छ ठेवण्यास हातभार लावते. शिवाय एक मगर हलविली, तरी ती परत येण्याचा प्रयत्न करू शकते, अथवा तिची जागा दुसरी घेते. म्हणून माणूस व मगर यांच्यातील अंतर राखणे, हाच टिकाऊ उपाय होय.

हे अंतर राखणे स्थानिक संस्थांच्या हाती आहे. नगरपालिका व ग्रामपंचायतींनी कत्तलखान्यातील टाकाऊ मांस व मृत जनावरे पाण्यात टाकण्यास प्रतिबंध करावा, कारण त्या आमिषाने मगरी वस्तीजवळ येतात. घाटांवर ठळक फलक व दिवे असावेत. श्रीलंकेत नदीच्या पात्रात काठालगत कुंपण घालून स्नानासाठी सुरक्षित जागा केल्या जातात. आपल्याकडील गर्दीच्या घाटांवर तसा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. गणेशविसर्जनाच्या वेळी अशा तलावांत व नद्यांत केवळ नेमलेल्या स्वयंसेवकांनीच पाण्यात उतरावे. सार्वजनिक जलतरण तलावांची दररोज पाहणी व्हावी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे, की मगर दिसल्यास दगड मारू नये, छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये आणि पहाटे, सायंकाळी व रात्री पाण्याच्या कडेला बसू नये. मगर वस्तीत आल्यास गर्दी हटवून तिचा पाण्याकडील मार्ग मोकळा ठेवावा व वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. हल्ल्यात इजा वा मृत्यू झाल्यास शासनाच्या अर्थसाहाय्याची तरतूद आहे. घटनेची खबर व पंचनामा वेळेत व्हावा, यासाठी पंचायत सदस्यांनी त्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.

मगरमिठी आणि नक्राश्रू या शब्दांतून आपल्या भाषेने मगरीचे भय तेवढे जपले. त्या भयाला ज्ञानाची जोड मिळाली, तर दादरच्या तलावावर जी सावधगिरी उपयोगी पडली, तीच कृष्णाकाठच्या घाटावर एखाद्या मुलाचे प्राण वाचवील.